पाच वर्षे टिकणारा लॅपटॉप

दिल्लीहून जयपूरच्या दिशेने निघाले, की राष्ट्रीय महामार्ग ४८ वर गुरुग्रामनंतर मानेसर लागते. मारुतीच्या मोटारी आणि होंडाच्या दुचाकी यांच्या कारखान्यांमुळे हे औद्योगिक नगर देशभर माहीत झाले. चाकण-पिंपरीच्या वाहन उद्योगात काम करणाऱ्या मराठी माणसालाही ते नाव नवे नाही. आता त्याच मानेसरमध्ये लॅपटॉपही जुळवले जातात. व्हीव्हीडीएन टेक्नॉलॉजीज या कंपनीचा इथे मोठा कारखाना आहे. सर्किट बोर्डावर सुटे भाग बसवण्यापासून तयार यंत्राच्या चाचणीपर्यंतची कामे तिथे होतात. असुस या तैवानी कंपनीने २०२५ मध्ये आपल्या लॅपटॉपच्या भारतातील उत्पादनासाठी याच कंपनीशी हातमिळवणी केली.

हे घडले त्यामागे सरकारी धोरण आहे. मे २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संगणक व तत्सम यंत्रांच्या देशी उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर झाले. बाजारात गडबड उडाली, तेव्हा ते लगेच पुढे ढकलले गेले आणि नंतर आयातीची नोंदणी करून मंजुरी घेण्याची सौम्य पद्धत आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रोत्साहन योजनेखाली २७ कंपन्यांना मान्यता मिळाली. त्यात डेल, एचपी, लेनोव्हो यांच्याबरोबर व्हीव्हीडीएनही होती.

मुलासाठी लॅपटॉप घ्यायला निघालेल्या पालकाला यातून काय मिळते? खोक्यावर ‘भारतात तयार’ असे लिहिले म्हणून यंत्र जास्त टिकेल, असे होत नाही. प्रोसेसर, मेमरी आणि पडदा हे महागडे भाग आजही मुख्यतः बाहेरूनच येतात. पण कारखान्यात काय चालते हे समजले, तर दुकानात काय पाहायचे ते आपोआप कळते. म्हणून आधी कारखान्यात जाऊ.

जुळणीच्या ओळीवर कोरा हिरवा बोर्ड येतो. त्यावर छिद्रांच्या पातळ पत्र्यातून डाखाची लगदी बरोबर हव्या त्या ठिपक्यांवर पसरली जाते. मग यंत्राचे डोके रिळांमधून मोहरीपेक्षा लहान भाग उचलून झपाझप बोर्डावर ठेवते. तिथून बोर्ड लांबट भट्टीत शिरतो. शिसेविरहित डाख साधारण २१७ अंश सेल्सियसला वितळतो, म्हणून भट्टीचे तापमान त्याच्याही वर नेऊन हळूहळू उतरवतात. बाहेर आलेल्या बोर्डाची कॅमेऱ्याने तपासणी होते. पुढे पडदा, कळपाटी, बॅटरी, पंखा बसतो आणि यंत्र काही तास सतत चालवून तापवून पाहिले जाते. ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडतात त्या बहुधा दोन टप्प्यांत: एकतर अगदी सुरुवातीला, कारण एखादा जोड कच्चा राहिलेला असतो, किंवा पुष्कळ वर्षांनी, झिजून. कारखान्यातली तापवणी सुरुवातीचे बिघाड पकडण्यासाठी असते. तरी काही निसटतात. म्हणून नवा लॅपटॉप घरी आणल्यावर ‘जपून’ कपाटात ठेवू नये. बदलून देण्याची मुदत असते त्या पहिल्या दिवसांत तो भरपूर वापरावा. सगळी यूएसबी तोंडे, कॅमेरा, माइक, वायफाय, दोन्ही स्पीकर, प्रत्येक कळ तपासावी, बॅटरी दोनदा पूर्ण उतरवून भरावी. कच्चा जोड असेल तर तो तेव्हाच उघडा पडू द्यावा.

स्वस्त आणि टिकाऊ या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झालेला आहे. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट नावाच्या वस्तीवरच्या छोट्या शाळेत २००७ मध्ये मुलांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे एक्सओ लॅपटॉप मिळाले. ‘दर मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा तो भारतातला पहिला प्रयोग. त्याआधी २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने या उपक्रमाला नकार दिला होता. एक्सओमध्ये मेमरी फक्त २५६ मेगाबाइट होती आणि प्रोसेसरही साधा होता. पण त्याची कळपाटी रबरी आवरणाने बंद केलेली होती, त्यामुळे धूळ-पाणी आत जात नसे. त्यात पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, आणि पडदा भर उन्हात वाचता येई. शंभर डॉलरचे स्वप्न दाखवून निघालेले हे यंत्र प्रत्यक्षात दोनशे डॉलरच्या घरात गेले, आणि तिथे योजना अडखळली.

चार वर्षांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये, सरकारने ‘आकाश’ टॅब्लेट आणला. किंमत सुमारे २,२५० रुपये. मेमरी तेवढीच, २५६ मेगाबाइट. पण पडदा बोटाने जोरात दाबावा लागे, बॅटरी लवकर उतरे आणि यंत्र मंद चाले. तक्रारी इतक्या आल्या की वर्षभरात सुधारित आवृत्ती काढावी लागली. कागदावर मेमरीचा आकडा एकच असलेली ही दोन यंत्रे हाताळायला किती वेगळी होती! जाहिरातीतले आकडे सारखे असूनही एक यंत्र मुलाच्या हातात टिकते आणि दुसरे टिकत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप निवडताना मी टिकाऊपणाच्या याच कसोटीला सर्वांत वरचे स्थान देतो. किंमत पाहायचीच, पण ती यंत्र किती वर्षे चालेल त्याने भागून पाहायची. २८,००० रुपयांचा लॅपटॉप दोन वर्षांत रडायला लागला तर वर्षाला १४,००० पडले. ४५,००० चा पाच वर्षे चालला तर ९,०००. ज्या घरात पैसा मोजून खर्च होतो, त्या घराला पहिला सौदा परवडत नाही.

आता दुकानात चला. विक्रेता प्रथम प्रोसेसरचे नाव घेतो, आणि खरी फसगत इथेच होते. ‘रायझन ५’ किंवा ‘आय५’ एवढ्यावर भुलू नका, पुढचा आकडा वाचा. एएमडीने २०२३ पासून जी नामपद्धत वापरली, तिच्यात चार आकड्यांपैकी पहिला आकडा वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही दोन नावे शेजारी ठेवली तर एका आकड्याचा फरक दिसतो. पण पहिल्यात २०१९ साली आलेल्या ‘झेन २’ रचनेचे चार कोअर आहेत, तर दुसऱ्यात त्यानंतरच्या ‘झेन ३’ रचनेचे सहा. दोन्हींवर ‘७०००’ मालिकेचा शिक्का. इंटेलकडेही असेच आहे. आय३-१२१५यू या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरात सहा कोअर आहेत आणि पदवीच्या बहुतेक अभ्यासाला तो पुरतो. ‘कोअर ५ १२०यू’ हे नाव नवे वाटते, पण कूळ तेराव्या पिढीचेच आहे. तेही चांगले आहे, फक्त नव्या नावासाठी जादा पैसे देऊ नयेत. सेलेरॉन एन४०२० सारखा दोन कोअरचा प्रोसेसर मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. चार टॅब उघडून व्हिडिओ लावला की तो दमतो.

मेमरी, म्हणजे रॅम, ही लॅपटॉपचे आयुष्य ठरवणारी गोष्ट आहे. विंडोज ११ चालायला कागदोपत्री ४ जीबी पुरते. प्रत्यक्षात ८ जीबीखाली जाऊ नये, आणि १६ जीबी मिळाली तर पाच वर्षांची निश्चिंती. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न विक्रेत्याला विचारा: ‘रॅम बोर्डावर डाखलेली आहे की स्लॉट आहे?’ वैशिष्ट्यांच्या यादीत ‘एलपीडीडीआर’ असे लिहिले असेल, तर ती जवळजवळ नेहमीच डाखलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. आज ८ जीबी घेऊन दोन वर्षांनी पैसे आल्यावर आणखी ८ टाकू, हा बेत स्लॉट असेल तरच जमतो. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव जगभर चढले आहेत, कारण एआयच्या सर्व्हरांना तीच चिप हवी आहे. त्यामुळे लॅपटॉपही महागले. अशा काळात स्लॉट असलेले यंत्र घेऊन मेमरी नंतर वाढवणे, हा मध्यम घरासाठी शहाणपणाचा मार्ग आहे.

साठवणुकीबाबत थोडक्यात: एसएसडी हवी, ‘ईएमएमसी’ नको. ईएमएमसी मंद असते, बोर्डावर डाखलेली असते आणि ६४ जीबीची जागा विंडोजच्या अद्ययावतीकरणातच संपते. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेल्या जिओबुकमध्ये ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी ईएमएमसी होती. वजन एक किलोच्या आत, स्वतःची वेगळी प्रणाली. शाळकरी मुलाला वाचन आणि ऑनलाइन तास यांपुरते ते चालू शकेल, महाविद्यालयासाठी मात्र नाही.

पडदा १४ इंची घ्यावा की १५.६, हा सवयीचा भाग. रोज पाठीवर वाहायचा असेल तर १४. आयपीएस पडदा आहे ना, एवढे नक्की पाहा. ओळखायला सोपे आहे: समोरून पाहा, मग उभे राहून वरून पाहा. चेहऱ्यांचे रंग एकदम बदलले तर तो जुन्या टीएन प्रकारातला आहे.

आता जी गोष्ट कोणत्याही यादीत छापलेली नसते तिच्याकडे येऊ: बिजागरी. दुरुस्तीला येणाऱ्या स्वस्त लॅपटॉपांमध्ये ही तक्रार नेहमीची. पडद्याची बिजागरी आतल्या बाजूला लहान पितळी नटांना स्क्रूने आवळलेली असते, आणि ते नट प्लॅस्टिकच्या कवचात गरम करून रुतवलेले असतात. बिजागरी कालांतराने आखडते. रोज पडदा उजव्या कोपऱ्याला धरून उघडला की सगळा जोर एका नटावर येतो. एक दिवस ‘कट’ असा आवाज येतो, कोपरा फुगतो आणि नट प्लॅस्टिकसकट उखडतो. त्यानंतर पडद्याची वायर चेमटते आणि हजाराचे काम दहा हजारांवर जाते. म्हणून दुकानातले नमुना यंत्र हातात घ्या. पडदा मध्यभागी धरून एका बोटाने उघडा. तो गुळगुळीत उघडला पाहिजे आणि खालचा भाग टेबलावरून उचलला जाता कामा नये. कळपाटीच्या मध्यभागी अंगठा दाबा. ती खाली लचकली, तर कवच पातळ आहे. एका कोपऱ्याने यंत्र उचलून पाहा. करकर आवाज येत असेल तर ठेवून द्या. विक्रेत्याला संकोच वाटेल, तुम्हाला वाटू देऊ नका. पैसे तुमचे आहेत.

उष्णतेचेही असेच. बहुतेक लॅपटॉप हवा खालून ओढतात आणि बाजूने किंवा मागून सोडतात. वसतिगृहात मुले ते गादीवर ठेवून सिनेमे पाहतात, त्यामुळे हवेची वाट बंद होते आणि पंख्यात कापसाचे तंतू अडकतात. मानेसर-गुरुग्रामकडे उन्हाळ्यात धुळीची वादळे, कोकणात दमट हवा. दोन्ही यंत्राला घातक. वर्षातून एकदा तळाचे झाकण उघडून पंखा साफ करून घेतला, तर यंत्र बरीच वर्षे जास्त चालते. झाकण साध्या स्क्रूंनी उघडते की नाही, हेही म्हणून विचारावे. धातूच्या कवचाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर खोलीतल्या सॉकेटला बहुधा अर्थिंग नाही, असे समजून आधी ते दुरुस्त करून घ्यावे. चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे विजेचे साधे चढ-उतार तो सोसतो. विजांच्या पावसात मात्र पिन काढून ठेवावी.

बॅटरीची क्षमता ‘वॉट-तास’ या एककात लिहिलेली असते. ‘दहा तास चालते’ हा दावा बाजूला ठेवून तो आकडा विचारा. ४० च्या खाली असेल तर दिवसभराच्या तासिका निघणे कठीण. आणि चार्जर टाइप-सी असेल तर उत्तम, कारण तो हरवला की दुसरा कुठेही मिळतो.

एक मार्ग आपल्याकडे अजून संशयाने पाहिला जातो: वापरलेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप. गुरुग्राममधल्या कंपन्यांची कार्यालये शेकड्यांनी लॅपटॉप भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी एकगठ्ठा बदलतात. ती यंत्रे दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला येतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. ही कार्यालयीन मालिका मुळातच मजबूत असते: धातूची बिजागरी, पाणी सांडले तरी तग धरणारी कळपाटी आणि सुटे भाग बदलण्याची सोय. मी स्वतः गरजू विद्यार्थ्याला तीस हजारांच्या कच्च्या नव्या यंत्रापेक्षा असे जुने थिंकपॅड सुचवतो. पण काही अटींवर.

पहिली अट पिढीची. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे म्हणूनच बाजारात स्वस्त पडून आहेत. त्यांच्या मोहात पडू नका. दुसरी अट कुलपाची. पुष्कळदा यंत्र आधीच्या कंपनीच्या व्यवस्थापन यादीतून काढलेलेच नसते. दुकानात सगळे नीट दिसते, घरी येऊन यंत्र कोरे केले आणि इंटरनेटला जोडले की ते कुठल्या तरी कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड मागते आणि हटून बसते. त्यामुळे पैसे देण्याआधी दुकानातच यंत्र पूर्ण रिसेट करायला सांगा, आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि ते सुरुवातीच्या पायऱ्या पार करते का पाहा. अर्धा तास लागेल, तो द्या. बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला, पासवर्ड नाही ना आणि बायोसमधला अनुक्रमांक तळाच्या लेबलाशी जुळतो ना, हेही तेव्हाच पाहून घ्या. तिसरी अट बॅटरीची. विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता शेजारी-शेजारी दिसते. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून मागा.

जुन्या यंत्राबरोबर मिळणारा चार्जर अनेकदा नकली असतो. लॅपटॉप आणि चार्जर दोन्हींना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागते आणि लेबलावर ‘आर’ ने सुरू होणारा क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. क्रमांक नसलेला चार्जर मुलाच्या उशाशी ठेवू नका.

कोणत्या अभ्यासाला काय लागते, याचा बाऊ फार होतो. कला, वाणिज्य, विधी, स्पर्धा परीक्षा यांना वर सांगितलेला साधा आय३ किंवा रायझन ३ आणि ८ जीबी पुष्कळ झाले. मराठी टंकलेखनासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कळपाट्या असतात. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला म्हणून पहिल्याच आठवड्यात ऐंशी हजारांचा गेमिंग लॅपटॉप घेणारे पालक मी पाहतो, तेव्हा वाईट वाटते. तो दोन किलोंहून जड, बॅटरी तीन तासांची, पंख्याचा आवाज वर्गभर. यांत्रिकी किंवा स्थापत्य शाखेत त्रिमिती आरेखन गंभीरपणे सुरू होईपर्यंत १६ जीबीचे साधे यंत्र पुरते, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत संगणक असतात. आधी विभागाकडून सॉफ्टवेअरची यादी घ्या. स्नॅपड्रॅगनच्या एआरएम प्रोसेसरवर चालणारे नवे लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, पण यादीतले प्रत्येक सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे तपासूनच घ्यावे.

सेवा केंद्राचा विचार गावागावात वेगळा. पुण्यात, मुंबईत, गुरुग्राममध्ये जवळपास प्रत्येक कंपनीचे केंद्र आहे. गडचिरोली किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याने मात्र आपल्या तालुक्यापासून केंद्र किती दूर आहे, कंपनीचा माणूस घरी येतो की यंत्र कुरिअर करावे लागते, हे कंपनीच्या मदतवाहिनीवर फोन करून विचारावे. त्याच उत्तरावरून ब्रँड ठरवावा. साधी वॉरंटी एक वर्षाची असते. ती संपण्याआधी आणखी दोन वर्षांची वाढीव वॉरंटी थेट कंपनीकडून घेता येत असेल आणि ती वाजवी दरात मिळत असेल, तर मी ती घेईन. दुकानाच्या नावाने विकली जाणारी ‘वॉरंटी’ घेणार नाही. बिल जीएसटीचे घ्यावे, आणि अनुक्रमांक त्यावर लिहून घ्यावा.

एवढे सगळे पाहून माझी निवड विचाराल तर सांगतो. नवा घ्यायचा असेल तर बाराव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा आय३ अथवा आय५, किंवा झेन ३ चा रायझन ५, १४ इंची आयपीएस पडदा, ८ जीबी मेमरी आणि रिकामा स्लॉट, ५१२ जीबी एसएसडी, टाइप-सी चार्जिंग, आणि ज्याचे केंद्र तुमच्या जिल्ह्यात आहे असा ब्रँड. ते बजेटात बसत नसेल तर आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचे, रिसेट करून तपासलेले जुने थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड. आणि खरेदीला निघण्याआधी घरातला जुना लॅपटॉप एकदा उघडून पाहा. तो विंडोज ११ ला पात्र असेल तर एसएसडी, वाढीव रॅम आणि नवी बॅटरी एवढ्यावर तो तुमच्या मुलीची पदवी पुरी करील.